कौलांचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनातील व्याख्यानासाठी शिक्षण, संघटन, विवाहातील अनिष्ट चाली असा एखादा भारदस्त विषय निवडावा, असा आपला प्रघात आहे. मी मात्र आज कौलांच्या संख्येविषयी बोलणार आहे. विषय रुक्ष आहे हे मला मान्य आहे. परंतु गेल्या काही महिन्यांत आपल्या मंडळात जेवढी कुजबुज कौलांच्या संख्येवरून झाली तेवढी अन्य कोणत्याही विषयावरून झालेली नाही. तेव्हा जे कानाकानांत बोलले जात आहे ते सभेत मोकळेपणाने बोलावे, ह्या हेतूने मी अध्यक्षांची अनुज्ञा घेतली आहे.

प्रकरण आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपल्या वसतिगृहाची स्वयंपाक-भोजनाची इमारत जुनी झाली. रिपा वाळवीने खाल्ल्या, कौले पिचली, आणि पावसाळ्यात विद्यार्थ्यांना ताट हलवून हलवून जेवावे लागते. वासे आणि आढे अजून धड आहेत. पण कौले आणि रिपा पूर्णपणे नव्या घालावयास हव्यात. कार्यकारिणीने आपल्याच ज्ञातीतील दोन जाणत्या कारागिरांकडून अंदाज मागविले. एकाने लिहून दिले, कौले १,०८०. दुसऱ्याने लिहून दिले, कौले २,१६०. छप्पर एकच, आणि एक आकडा दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट! वर्गणी देणाऱ्यांच्या मनात काय आले असेल ते मी सांगावयास नको. पहिल्यास काम कळत नाही असे काहींनी म्हटले. दुसऱ्यास काम फार चांगले कळते असे काहींनी, डोळे मिचकावून, म्हटले.

मी स्वतः मोजपट्टी घेऊन त्या इमारतीवर गेलो, आणि दोघांशीही बसून बोललो. माझे निश्चित मत असे झाले आहे की, दोघांपैकी कोणीही अप्रामाणिक नाही. दोघांनीही एकच जुने कोष्टक वापरले आहे : एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, दीडशे कौले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी हेच कोष्टक होते. फरक पडला तो हे दीडशे कशाला गुणावयाचे आणि त्यात अगोदरच काय काय धरलेले आहे, ह्या दोन प्रश्नांवर. कोष्टक लक्षात राहिले. त्याच्या मागचा विचार मात्र वाटेत कोठेतरी गळाला. करवत आणि गुण्या ह्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलेल्या आपल्या ज्ञातीला ही गोष्ट शोभणारी नाही, म्हणून हा हिशेब मी आपणांपुढे पायरीपायरीने मांडतो. घरातील शाळकरी मुलांनाही तो समजेल, आणि त्यांनी तो ताडून पाहावा अशी माझी इच्छा आहे.

प्रथम क्षेत्रफळ. इमारत भिंतीबाहेरून ३६ फूट लांब आणि २० फूट रुंद आहे. गुणाकार ७२०. पहिल्या कारागिराने हेच ७२० धरले, म्हणजे ७.२ ब्रास, आणि दीडशेने गुणून १,०८० लिहिले. पण हे झाले जमिनीचे माप. कौले जमिनीवर घालावयाची नसतात. भिंतीच्या बाहेर चारी बाजूंना दोन दोन फूट वळचण आली आहे. कोकणच्या पावसात ती नसेल तर भिंती भिजून जातील. वळचण धरली की खालची छाया ४० फूट लांब आणि २४ फूट रुंद होते, म्हणजे ९६० चौरस फूट. भिंतीच्या मापात आणि छायेच्या मापात एवढ्यातच २४० फुटांचे अंतर पडले.

छाया म्हणजेही छप्पर नव्हे. छपराला ढाळ आहे, आणि ढाळावरचे अंतर सपाटीवरच्या अंतराहून नेहमी अधिक भरते. इमारत दुपाखी आहे. आढ्याच्या मध्यापासून वळचणीच्या टोकापर्यंतचे सपाट अंतर १२ फूट, आणि तेवढ्यात छप्पर ९ फूट खाली येते. आता वाशाची लांबी किती? भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त भुज, कोटि आणि कर्ण ह्यांचे गणित आहे, त्याहून पुष्कळ पूर्वी यज्ञवेदी रचणाऱ्यांच्या शुल्बसूत्रांतही ते आहे. बाराचा वर्ग १४४, नवाचा वर्ग ८१, बेरीज २२५, आणि त्याचे वर्गमूळ १५. म्हणजे वासा १५ फूट. आपल्यातील वृद्ध सुतार ‘चारास तीन, वाशास पाच’ एवढेच म्हणतात आणि वर्गमूळ न काढता त्याच उत्तरावर येतात.

एक पाखे ४० फूट लांब आणि १५ फूट उतरते, म्हणजे ६०० चौरस फूट. दोन पाखी मिळून १,२००. जमिनीचे माप ७२० आणि छपराचे माप १,२००! केवळ जमीन मोजणारा मनुष्य पाच हिश्श्यांपैकी दोन हिस्से विसरतो. आणि ही विसर लक्षात केव्हा येते? मे महिन्याच्या अखेरीस, एक पाखे घालून झाले, दुसऱ्याला थोडीशी सुरुवात झाली आणि ढिगारा संपला म्हणजे. पुढे मृग दाराशी उभा, मालमोटारी मिळत नाहीत, विक्रेता म्हणतो की त्या भट्टीचा माल उरला नाही. मग मेणकापड, दोऱ्या, आणि घरमालकाचे सुतारावर व सुताराचे घरमालकावर ओरडणे! असे उघडे पडलेले घर मी पाहिले आहे, आणि त्या घरच्या दोन भावांचा त्यावरून पडलेला अबोलाही पाहिला आहे.

ढाळ किती आहे हे कळण्यासाठी छपरावर चढण्याची आवश्यकता नाही. माळ्यावर जाऊन एक फूट लांबीची पट्टी पाणसळीवर सपाट धरावी. तिचे एक टोक वाशाच्या खालच्या अंगाला टेकवावे आणि दुसऱ्या टोकापासून सरळ वर वाशापर्यंत किती इंच भरतात ते मोजावे. बारा इंचांस सहा इंच चढ असेल तर छायेच्या क्षेत्रफळास १.११८ ने गुणावे. सात असेल तर १.१५८ ने, आठ असेल तर १.२०२ ने, आणि आपल्या इमारतीप्रमाणे नऊ असेल तर १.२५ ने. ९६० ला १.२५ ने गुणा. १,२०० च येतात. हे चार आकडे घरच्या पंचांगाच्या मागील पानावर लिहून ठेवण्याजोगे आहेत.

येथपर्यंत दुसऱ्या कारागिराचा हिशेब बिनचूक होता. त्याने १,२०० फूट धरले, दीडशेच्या कोष्टकाने १,८०० कौले काढली, आणि नंतर फुटतुटीसाठी शेकडा वीस म्हणून आणखी ३६० चढवली. बेरीज २,१६०. ही ३६० कौले हवीत की नकोत, हे पाहण्यासाठी आता प्रत्यक्ष कौलाकडे वळले पाहिजे.

ज्याला आपण मंगळुरी कौल म्हणतो ते मूळचे मंगळूरचे नव्हे. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसावी अशी रचना फ्रान्समधील आल्सास प्रांतात जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये सिद्ध केली. बाझल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट ह्यांनी १८६५ मध्ये मंगळूर येथे कारखाना काढला, नेत्रावती आणि गुरुपूर ह्या नद्यांकाठची माती त्या कामी उत्तम ठरली, आणि तो माल समुद्रमार्गाने मुंबईपर्यंत व त्याच्याही पलीकडे गेला. पुढे अन्यत्रही, जसे गुजरातेत मोरबीस, ह्याच धर्तीची कौले होऊ लागली. त्यापूर्वी आपल्याकडे गवताची छपरे असत किंवा कुंभाराच्या चाकावरचे नळे असत. नळ्यांचा हिशेब कौलाप्रमाणे मांडता येत नाही, कारण नळा नळ्यावर किती चढवावा हे घालणाऱ्याच्या हातावर असते. तेथे एक ब्रास छप्पर प्रत्यक्ष घालून नळे मोजावेत आणि त्या प्रमाणात पुढची मागणी करावी, हाच मार्ग. मंगळुरी कौल मात्र खाचेत बसते. त्याचा किती भाग उघडा राहावयाचा हे साच्यानेच ठरवून टाकलेले असते, आणि म्हणूनच त्याचा हिशेब मांडता येतो.

मात्र सर्व कारखान्यांचा साचा एक नाही. भारतीय मानकातही, ज्याचा क्रमांक ६५४ आहे, ह्या कौलांची एकाहून अधिक मापे दिलेली आहेत. म्हणून विक्रेत्याकडून प्रथम वीस कौले आणावीत आणि अंगणात मांडून पाहावीत. दहा कौले शेजारी शेजारी खाचेत बसवावीत, पहिल्याच्या डाव्या कडेपासून दहाव्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे, आणि नवाने भागावे. दहाने नव्हे! दहा कौलांच्या डाव्या कडांमध्ये अंतरे नऊच असतात. उभ्या रांगेचेही असेच मोजावे. मी वसतिगृहासाठी पाहिलेले कौल अख्खे १६ इंच लांब आणि सव्वानऊ इंच रुंद आहे. बसल्यावर त्याचा लागता भाग साडेबारा इंच लांब आणि सव्वाआठ इंच रुंद राहतो.

ह्या मापाने एका ब्रासला भागाकार केला असता सुमारे १४० कौले येतात, दीडशे नव्हेत. १,२०० फुटांना १,६७६. पण छप्पर भागाकाराने घातले जात नाही, ओळींनी घातले जाते. म्हणून ओळी मोजू.

वासा १५ फूट, म्हणजे १८० इंच. साडेबाराने भागल्यास १४.४ येतात, आणि शाळेतला मुलगा म्हणेल की १५ ओळी लागतील. सुतार तसे म्हणणार नाही. त्याला ठाऊक असते की सर्वांत खालच्या ओळीचे कौल अख्खे मोजावयाचे असते, त्याच्यावर वरचे कौल चढले तरी खाली कोणावर ते चढलेले नसते. तेव्हा १४ ओळींत १३ वेळा साडेबारा आणि एक वेळ सोळा, म्हणजे १७८.५ इंच झाकले जातात. उरलेला दीड इंच आढ्यावर बसणाऱ्या कोन्याच्या पंखाखाली सहज जातो. म्हणजे ओळी १४. लांबीचेही तसेच : ४० फूट म्हणजे ४८० इंच, ५८ कौलांत ५७ वेळा सव्वाआठ आणि एक वेळ सव्वानऊ, एकूण ४७९.५ इंच. अर्ध्या इंचासाठी एकोणसाठावी रांग घालणारा मनुष्य शहाणा नव्हे. बाजूच्या वळचणीची रीप अर्धा इंच आखूड कापावी. १४ गुणिले ५८ म्हणजे ८१२, आणि दोन पाख्यांना १,६२४.

ही झाली छपरावर प्रत्यक्ष बसणारी कौले. मालमोटारीतून उतरवताना, शिडीवरून हातोहात चढवताना, वर चालताना काही फुटणारच. त्यासाठी शेकडा पाच धरा, ८१. बेरीज १,७०५. आणि पुढील दहा-वीस वर्षे जे माड आणि माकडे फोडणार आहेत त्यासाठी शंभराच्या आतबाहेर कौले घराच्या मागे उभी रचून ठेवावीत. ती ९५ धरली की किती होतात? १,८००.

बंधूंनो, हा आकडा आपण ओळखला असेल. १,२०० फुटांना दीडशेच्या कोष्टकाने हेच उत्तर येत होते. म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या दीडशेत फूटही होती आणि शिलकीचा ढीगही होता. त्यांनी ते पोटात घालूनच कोष्टक दिले होते. पहिल्या कारागिराने ते कोष्टक जमिनीला लावले. दुसऱ्याने योग्य जागी लावले, पण ज्यात तूट धरलेलीच होती त्यावर पुन्हा तूट धरली. पहिल्याच्या मागणीत छप्पर झाकण्यापुरतीही ५४४ कौले कमी पडली असती, आणि दुसऱ्याच्या मागणीत ३६० कौले वर्षानुवर्षे वसतिगृहाच्या अंगणात शेवाळत पडली असती. कार्यकारिणीने १,८०० ची मागणी मंजूर करावी, अशी माझी विनंती आहे.

दोन्ही चुकांचे पाप मात्र सारखे नाही, हे मला सांगितले पाहिजे. अधिक आलेले कौल उद्या उपयोगी पडते; कमी पडलेले कौल पावसात मिळत नाही. शिवाय मंगळूरकडील अनेक जुने कारखाने गेल्या काही दशकांत बंद पडले आहेत. बंद कारखान्याचे कौल फुटले तर दुसऱ्या कारखान्याचे त्याच्या खाचेत नीट बसत नाही, आणि जेथे बसत नाही तेथे गळते. म्हणून शिलकीची कौले त्याच मालातील, त्याच वेळी घेतलेली असावीत. जो कोणी त्या ढिगाकडे बोट दाखवून ‘एवढा पैसा का अडकविला’ असे विचारील त्याला हे उत्तर द्यावे.

ह्याच संदर्भात आपल्या तरुण कारागिरांना एक गोष्ट आग्रहाने सांगतो : कौल आधी, रीप मागून. जुन्या रिपांच्या अंतरावर नव्या रिपा ठोकल्या आणि मागून आलेले कौल पाऊण इंच लांब किंवा आखूड निघाले, तर सारी लाकडी कामगिरी उखडावी लागते. वसतिगृहाच्या रिपांचा हिशेबही ओळींवरूनच निघतो : प्रत्येक पाख्याला १४, आणि वळचणीला खालच्या कौलाचे टोक उचलून धरण्यासाठी एक अधिक, अशा १५, प्रत्येकी ४० फूट, दोन पाख्यांस १,२०० फूट, अधिक सांध्यांची तूट. आढे ४० फूट, कोन्याचा लागता भाग १५ इंच. कोने ३२ लागतील, ३५ घ्यावेत.

आपल्यापैकी पुष्कळांची गावची घरे चौपाखी आहेत. त्यांच्याविषयी एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. ह्याच इमारतीला, ह्याच वळचणीवर आणि ह्याच ढाळाने चौपाखी छप्पर केले तर क्षेत्रफळ किती होईल? पुष्कळांना वाटते की ते वाढेल. ते तेवढेच राहते, १,२०० फूट. कारण सर्व पाख्यांचा ढाळ एक असला म्हणजे छायेला त्याच १.२५ ने गुणावयाचे. पण खर्च मात्र तेवढाच राहत नाही. आढे ४० फुटांचे १६ फूट होते, आणि कोपऱ्यांतून तिरके चढणारे चार कोनवासे येतात. प्रत्येक कोनवाशाची लांबी १९ फुटांहून थोडी अधिक, चार मिळून जवळजवळ ७७ फूट, आढ्यासह ९३. तेव्हा ३२ कोन्यांच्या जागी ७५ कोने. शिवाय प्रत्येक ओळीत प्रत्येक कोनवाशाच्या दोन्ही अंगांना निदान एक कौल तिरके कापावे लागते : १४ ओळी, चार कोनवासे, दोन अंगे, म्हणजे ११२ कौले, आणि बऱ्याच ठिकाणी एकाच्या जागी दोन. कापून उरलेला तुकडा बहुधा फुकट जातो, कारण त्याची खाच किंवा रिपेला अडकणारा मागचा उंचवटा पहिल्या तुकड्याबरोबर गेलेला असतो. चौपाखी घराला म्हणून शेकडा पाच पुरत नाहीत. शेकडा दहा धरावेत. घर इंग्रजी एल अक्षरासारखे असेल आणि दोन पाखी आत वळून पत्र्याच्या पन्हळीवर मिळत असतील, तर तेथेही हेच कापणे आले. दिमाख हवा असेल तर चौपाखी अवश्य करावे. वाऱ्यालाही ते चांगले तोंड देते. मात्र त्याचा अंदाज दुपाखीच्या कोष्टकाने देऊ नये.

आता मुंबई-पुण्यात राहणाऱ्या, आणि गावचे घर बंद असलेल्या, कुटुंबांसाठी थोडे सांगून मी आटोपते घेतो. आपल्याकडे पत्र येते किंवा दूरध्वनी येतो, ‘घर चाळून घ्यावयास हवे, पैसे पाठवा.’ किती कौले नवी लागतील हे कोणीच सांगत नाही, आणि मग काका-पुतण्यांत संशय वाढतो. अशा वेळी सारे छप्पर उतरविण्यापूर्वी दोन्ही पाख्यांच्या दोन दोन ओळी उतरवून पाहाव्यात. प्रत्येक कौल हातावर घेऊन बोटाच्या पेराने वाजवावे. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर आत चीर आहे. ह्या दोन ओळींपैकी एक वळचणीजवळची आणि एक वरची असावी. दोन्ही पाखी पाहणे आवश्यक, कारण पश्चिमेचे पाखे पाऊस आणि वारा झेलते, आणि माडाखालचे पाखे नारळ झेलते. समजा, आपल्याच मापाच्या घरी पश्चिमेच्या दोन ओळींत, म्हणजे ११६ कौलांत, १४ बाद निघाली आणि पूर्वेच्या तेवढ्याच कौलांत ५. एका पाख्याला अशा दोन ओळींचे सात जोड. तेव्हा पश्चिमेस ९८ आणि पूर्वेस ३५, एकूण १३३. उतरविताना फुटणारी आणि थोडी शिलक धरून दोनशे मागवावीत. हा हिशेब कागदावर लिहून त्याची प्रत प्रत्येक भावाकडे पाठवावी, आणि बाद कौलांचा ढीग सर्वांनी पाहीपर्यंत अंगणात राहू द्यावा.

सुटीत गावी जाल तेव्हा, दिवाळीत किंवा शिमग्याला, ही मोजणी करावी; एप्रिलपर्यंत थांबू नये, कारण तोपर्यंत सुतारांचे हात गुंतलेले असतात आणि कौलांचे भाव चढलेले असतात. उतरविलेली चांगली कौले आडवी एकावर एक रचू नयेत, भाराने खालची पिचतात. भिंतीला टेकवून उभी ठेवावीत. वसतिगृहासाठी मोजलेली वीस कौले आणि माझ्या मोजणीचा कागद सभागृहाच्या मागील बाजूस मेजावर ठेवला आहे. दोन्ही कारागीरबंधू तेथे उपस्थित राहणार आहेत. ज्यांना आकड्यांविषयी शंका असेल त्यांनी भोजनापूर्वी तेथे येऊन मोजपट्टी हाती घ्यावी.